स्क्रायबस १.६: अहवालाच्या पानात फोटो बसवायला कितपत कामाचं?

ऑगस्ट लागला की सांगली-मिरजेच्या छापखान्यांत अहवालांची झुंबड उडते. पतसंस्था, सोसायट्या, बँका, साखर कारखाने, सगळ्यांना सप्टेंबर संपायच्या आत वार्षिक सभा उरकायची असते, कारण कायद्यानं आर्थिक वर्ष संपल्यापासून सहा महिन्यांचीच मुदत दिलेली आहे. ताळेबंदाची पानं दरवर्षी त्याच साच्यातली, त्यांचं फारसं काही अडत नाही. अडतं ते फोटोंपाशी. संचालक मंडळाचे पंधरा-वीस चेहरे, संस्थापकांची जुनी तसबीर, नव्या शाखेचं उद्घाटन, मागच्या कव्हरवर सभासद मेळावा, हे सगळं व्हॉट्सअ‍ॅपवरून येतं आणि कोरल ड्रॉ या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये ओढून टाकलं जातं. या कामासाठी स्क्रायबस वापरावं का, एवढंच इथं तपासलं आहे.

स्क्रायबस हे पानं लावायचं मोफत, ओपन सोर्स सॉफ्टवेअर. १.६ ही आवृत्ती जानेवारी २०२४ मध्ये आली. विंडोज, लिनक्स, मॅक तिन्हींवर चालतं. जुन्या १.४ मध्ये मराठी जोडाक्षरं फुटायची, म्हणून आपल्याकडे अनेकांनी ते एकदा उघडून कायमचं बंद केलं. १.६ मध्ये मुक्ता, तिरो देवनागरी असे युनिकोड फाँट नीट बसतात. विंडोजवर घोस्टस्क्रिप्ट हे सहायक सॉफ्टवेअर वेगळं टाकावं लागतं. ते नसेल तर पुढे सांगितलेली प्लेटनिहाय (एकेका शाईची वेगळी) तपासणी करता येत नाही.

कोरलच्या सवयीच्या माणसाला पहिला धक्का बसतो तो फोटो आणण्याच्या पद्धतीचा. इथं आधी चौकट काढायची ('आय' दाबून), मग कंट्रोल-आय करून तिच्यात फोटो आणायचा. आणला की चौकटीत नुसता भिंतीचा तुकडा नाहीतर कुणाच्या तरी बाहीचा कोपरा दिसतो. फोटो बिघडलेला नसतो. मोबाईलच्या फोटोवर बहुतेक वेळा ७२ पीपीआय (एका इंचात ७२ पिक्सेल) असा शिक्का असतो. ४००० पिक्सेलचा फोटो त्या हिशेबानं १४१ सेंटिमीटर रुंद होतो आणि स्क्रायबस तो तसाच मूळ मापात ठेवतं. प्रत्येक फोटोला हा त्रास नको असेल तर 'डॉक्युमेंट सेटअप'मधल्या 'आयटम टूल्स'मध्ये इमेजसाठी 'स्केल टू फ्रेम साइझ' आणि त्याच्याखालचं प्रमाण राखण्याचं बटण कायमचं चालू करा. दुसरं विसरलात तर चेअरमनसाहेब रुंद होतात, आणि ही चूक सभेत पहिल्या मिनिटाला पकडली जाते.

फोटो फाइलच्या पोटात जात नाही, फक्त त्याचा पत्ता जातो. त्यामुळे दोनशे फोटोंची स्मरणिका असली तरी मूळ फाइल हलकी राहते. पेनड्राइव्हवरून थेट फोटो लावला आणि पेनड्राइव्ह काढला, की पानावर नुसती फुली उरते. एका कामाला एकच फोल्डर, त्यात पानांची फाइल आणि 'फोटो' नावाचा पोटफोल्डर, फोटो आधी तिथं कॉपी करायचा आणि मग लावायचा, एवढी शिस्त पाळावीच लागते. फाइलची नावं छोटी, इंग्रजी अक्षरांत आणि मध्ये जागा न सोडता. आयफोनच्या किंवा नेटवरून उतरवलेल्या नव्या प्रकारच्या फाइली आधी टिफ किंवा जेपेग करून घ्या. दुसऱ्याकडे काम द्यायचं असेल तेव्हा 'कलेक्ट फॉर आउटपुट' वापरा. ते पानं, फोटो, सांगितलं तर फाँट आणि रंगांची प्रोफाइलसुद्धा एका जागी गोळा करून देतं.

आता स्क्रायबस ज्यासाठी घ्यावं ती गोष्ट. फोटोची चौकट निवडून एफ३ दाबलं की उघडणाऱ्या पॅलेटमध्ये 'ॲक्च्युअल डीपीआय' असा आकडा दिसतो. फाइलवर काय शिक्का आहे ते बाजूला राहतं. या पानावर, या मापात, एका इंचात खरोखर किती पिक्सेल पडतात तेवढं हा आकडा सांगतो. फोटो मोठा केला की तो उतरतो, लहान केला की चढतो. 'एक्स्ट्राज'मधलं 'मॅनेज इमेजेस' उघडलं तर अख्ख्या कामातल्या सगळ्या फोटोंचे आकडे, रंगपद्धत आणि फाइलचं ठिकाण एकाच खिडकीत मिळतं. अहवालाच्या घाईत ही एक खिडकी फार मोलाची आहे.

किती आकडा पुरे, याचं '३००' हे ठोकळेबाज उत्तर सगळीकडे ऐकू येतं. खरं माप स्क्रीनच्या (छपाईच्या ठिपक्यांच्या जाळीच्या) एका इंचातल्या लाइनवर ठरतं: लाइनच्या दीडपट ते दुप्पट. आर्टपेपरवर १५० लाइनला २२५ ते ३००. मॅपलिथोवर (लेप नसलेला साधा छपाईचा कागद) १२० ते १३३ लाइन धरली तर २०० ते २५० मध्ये काम स्वच्छ होतं. न्यूजप्रिंटला ८५ ते १०० लाइन असते, तिथं १५० ते २०० च्या वर नेऊन काहीच पदरात पडत नाही.

या हिशेबानं व्हॉट्सअ‍ॅपच्या फोटोला सरसकट नावं ठेवणंही बरोबर नाही. साध्या दर्जात पाठवलेल्या फोटोची लांब बाजू साधारण १६०० पिक्सेल असते. तो ३०० ला साडेतेरा सेंटिमीटर जातो. संचालकाच्या ३ बाय ४ सेंटिमीटर फोटोला जेमतेम ३५४ बाय ४७२ पिक्सेल लागतात, म्हणजे तिथं तो फोटो पुरून उरतो, फक्त चेहरा ग्रुप फोटोतून कापलेला नसावा. आतल्या पानावर १९ सेंटिमीटर रुंद लावला तर २१४ येतो, मॅपलिथोवर चालतो. तोच उभा करून ए-फोर कव्हरवर ब्लीडसकट (कापताना जाणारी जादा कड) पसरवला की १३४ वर घसरतो आणि लॅमिनेशन झाल्यावर दातेरी कडा आणखी उठून दिसतात. कव्हरला ३०० वर २५५१ बाय ३५७९ पिक्सेल लागतात, तेव्हा कव्हरचा फोटो 'डॉक्युमेंट' म्हणून किंवा मेलवर मागवा, तिथं तडजोड नको.

कमी पडलेला आकडा जिंप या फोटो सुधारायच्या सॉफ्टवेअरमध्ये 'स्केल इमेज' करून ३०० वर नेणं ही मात्र शुद्ध फसवणूक आहे. स्क्रायबसला त्यात काही वावगं दिसत नाही, प्रीफ्लाइटही (छपाईआधीची आपोआप होणारी तपासणी) पास होतो, पण छपाईत चेहरा मेणाचा दिसतो. उलट बाजूचा अतिरेकही तितकाच होतो. ४८ मेगापिक्सेलचा फोटो तीन सेंटिमीटरच्या चौकटीत ठेवला तर डीपीआय हजारांत जातो, पीडीएफ फुगते आणि चित्र बारीक होताना सगळा कसदारपणा जातो. असा फोटो आधी जिंपमध्ये छपाईच्या मापाला आणा, आणि शार्पनिंग त्या मापाला आणल्यावर शेवटी करा. आधी केलेलं शार्पनिंग लहान करताना विरून जातं.

संस्थापकांच्या तसबिरीचं दुखणं वेगळं. मूळ फोटो हरवलेला असतो आणि गिऱ्हाईक पंचवीस वर्षांपूर्वीचा छापील अहवाल पुढे करतं. त्या छपाईत आधीच ठिपके आहेत; त्यावर नवी स्क्रीन पडली की चेहऱ्यावर जाळी उठते. ६०० वर स्कॅन करा, स्कॅनरमध्ये डीस्क्रीनची (छपाईचे ठिपके घालवायची) सोय असेल तर ती लावा, नसेल तर ठिपके विरेपर्यंत दीड-दोन पिक्सेलचा गॉशियन ब्लर द्या, मग ३०० वर आणून कडा धारदार करायला हलकं अनशार्प मास्क. मूळ स्कॅन १०० टक्क्यांपेक्षा मोठं वापरू नका. घरी भिंतीवर टांगलेली फ्रेम मिळाली तर ती केव्हाही बरी, काच काढून.

संचालकांची चौकटबंद पानं लावायला स्क्रायबस मजेदार हलकं आहे. एक चौकट ३० बाय ४० मिलिमीटरची नेमकी करून घ्या, कडेला अर्ध्या पॉइंटची रेघ द्या, आणि 'मल्टिपल डुप्लिकेट'मध्ये ओळी आणि रांगा सांगून सगळं जाळं एका फटक्यात काढा. मग प्रत्येकात फोटो आणून चौकटीवर डबल क्लिक केलं की आतला फोटो सरकवता येतो, चौकट जागची हलत नाही. इथं चौकटीत बसवण्याची ती आपोआपची सोय बंद करून 'फ्री स्केलिंग' घ्यावं लागतं, कारण कुणाचा फोटो कमरेपर्यंत असतो, कुणाचा नुसता चेहरा. चौकटीच्या वरच्या कडेपासून १६ मिलिमीटरवर एक आडवी गाइड टाका आणि सगळ्यांचे डोळे त्या रेषेवर आणा. हनुवटी ते केस साधारण २४ मिलिमीटर. एवढं केलं की वीस वेगवेगळ्या ठिकाणी काढलेले फोटो एकाच स्टुडिओतले वाटायला लागतात. एक्स आणि वाय स्केल साखळीनं जोडलेले आहेत ना, तेवढं बघा.

रंगाच्या बाबतीत मात्र स्क्रायबस जसं येतं तसं वापरू नये. रंगव्यवस्थापन मुळात बंद असतं, आणि माझ्या मते हा या सॉफ्टवेअरचा सगळ्यात मोठा दोष आहे. बंद असताना 'प्रिंटर'साठी पीडीएफ काढली तर आरजीबीचं (पडद्याचे तीन रंग) सीएमवायके (छपाईच्या चार शाया: निळसर सियान, गुलाबी मॅजेंटा, पिवळी, काळी) निव्वळ वजाबाकीनं होतं. कागद, शाई, डॉट गेन (कागदावर ठिपका पसरणं) यातलं काही धरलं जात नाही. काळा सगळा काळ्या शाईवर ढकलला जातो, म्हणून काळा कोट राखाडी आणि केस विटके छापले जातात. मग दोष जातो मशीनवाल्याच्या नावावर.

'डॉक्युमेंट सेटअप'मध्ये 'कलर मॅनेजमेंट' चालू करा. आरजीबी चित्रांना एसआरजीबी, प्रिंटरला कागदाप्रमाणे प्रोफाइल (त्या कागदावर रंग कसे उतरतात ते सांगणारी फाइल): आर्टपेपरसाठी आयएसओ कोटेड व्ही२ ची ३०० टक्केवाली, मॅपलिथोसाठी पीएसओ अनकोटेड. दोन्ही ईसीआय या रंगाचं काम पाहणाऱ्या युरोपीय गटाच्या साइटवर मोफत मिळतात. त्या आपल्या मशीनवर बनलेल्या नाहीत हे खरं, तरी वजाबाकीपेक्षा शंभर पटींनी बऱ्या. चित्रांसाठी 'रिलेटिव्ह कलरिमेट्रिक' आणि ब्लॅक पॉइंट कॉम्पेन्सेशन ठेवा.

सांगलीत हे कुठं कळतं, तर हळदीच्या फोटोत. व्यापाऱ्याच्या कॅटलॉगात हळकुंडाचा आणि पुडीचा फोटो असतो. पडद्यावर तो झळकतो, छापून आला की शेवाळलेला. कारण एकच, पिवळ्यात शिरलेला सियान. हळदीचा उजळ भाग म्हणजे पिवळा ९५ ते १००, मॅजेंटा २० ते ३०, सियान जवळजवळ नाही. सियान दहाच्या आसपास गेला की हिरवट झाक येतेच. इथं 'फाइल'मधलं 'आउटपुट प्रिव्ह्यू' कामाला येतं. पीडीएफचा प्रिव्ह्यू उघडा, मॅजेंटा, पिवळा, काळा यांच्या खुणा काढा, फक्त सियान ठेवा. पुडीच्या ढिगाच्या उजेडाच्या बाजूला पडदा पांढरा दिसला पाहिजे; तिथं करडी धूळ दिसली तर फोटो परत जिंपमध्ये न्या, कर्व्हजमध्ये लाल चॅनल उजळ भागात थोडा वर उचला, सियान उतरतो. ढिगाच्या सावलीतला सियान मात्र राहू द्या. तोही काढला तर ढीग सपाट होऊन पिवळा कागद चिकटवल्यासारखा दिसतो.

चेहऱ्यांनाही हीच खिडकी लावा. आपल्याकडच्या वर्णाला पिवळा मॅजेंटापेक्षा थोडा जास्त आणि सियान मॅजेंटाच्या तिसऱ्या हिश्शापासून निम्म्यापर्यंत असला की रंग जिवंत राहतो. मॅजेंटा वर गेला की माणूस उन्हात भाजल्यासारखा. त्याच खिडकीत शाईची एकूण टक्केवारी दाखवायची सोय आहे: आर्टपेपरला ३०० ते ३२०, न्यूजप्रिंटला २४० च्या वरचे भाग रंगून दिसतात. मर्यादा ओलांडली की शाई वाळत नाही आणि थप्पीत मागच्या कागदाला डाग पडतो, मग बाइंडिंगला द्यायची घाई असताना कागद नुसता पसरून ठेवावा लागतो.

कासच्या पठाराची पत्रकं करणाऱ्या सातारकरांसाठी एक सांगणं. तेरड्याचा गुलाबी आणि सीतेच्या आसवांचा जांभळा-निळा चार शाईत पूर्ण येतच नाही. कोणतंही प्रोफाइल लावा, थोडा मळणारच. गिऱ्हाइकाला पडद्यावर सॉफ्ट प्रूफ (छापून कसं दिसेल त्याचा अंदाज) आधीच दाखवलेला बरा.

लोगो आणि सह्या यांत स्क्रायबस एक खोडी काढतं. ईपीएस किंवा पीडीएफमधला लोगो फोटोच्या चौकटीत आणला तर निर्यातीच्या वेळी त्याचं ठरलेल्या डीपीआयवर बिटमॅप (पिक्सेलचं चित्र) होतं, आणि संस्थेचं बोधचिन्ह कडेला फुगलेलं दिसतं. असा लोगो 'फाइल', 'इम्पोर्ट', 'गेट व्हेक्टर फाइल' या वाटेनं आणा. मग तो रेषांचाच राहतो. चेअरमन-सचिवांच्या सह्या आणि संस्थेचा शिक्का ६०० वर किंवा त्याहून जास्त स्कॅन करून इंकस्केप या रेषाचित्रांच्या सॉफ्टवेअरमध्ये ट्रेस करा आणि एसव्हीजी म्हणून त्याच वाटेनं. जेपेगमधली सही टिंटच्या (फिक्या रंगाच्या) पट्टीवर ठेवली की भोवती पांढरा चौकोन दिसतो, ते दृश्य निम्म्या अहवालांत असतं.

फोटोभोवती मजकूर वळवायला चौकटीच्या 'शेप'मध्ये 'टेक्स्ट फ्लो' आहे. फोटो मजकुराच्या वरच्या थरात असेल तरच ते लागू होतं, एवढं लक्षात ठेवा.

ब्लीडबद्दल एकच गोष्ट सांगण्यासारखी. तीन मिलिमीटर दस्तऐवजात भरले, फोटो लाल रेषेपर्यंत ओढले, तरी पीडीएफ काढताना 'प्री-प्रेस'मध्ये 'यूज डॉक्युमेंट ब्लीड्स'वर खूण केली नाही तर ब्लीड बाहेर येत नाही. कटिंगला पांढरी कड आली की समजायचं. जोडपानावर पसरलेला फोटो सेंटर पिनच्या (मधोमध पिना मारलेल्या) अंकाच्या मधल्या पानावरच बिनधास्त ठेवा. बाकी ठिकाणी दोन अर्धे वेगवेगळ्या प्लेटवर, बऱ्याचदा वेगवेगळ्या फर्म्यात (एका कागदावर एकत्र छापायच्या पानांच्या संचात) जातात आणि रंग जुळत नाही. परफेक्ट बाइंडिंगला तर प्रत्येक पानाची कण्याकडची काही मिलिमीटर पट्टी चिकटीत जाते. तिथं कुणाचा चेहरा नको.

प्रीफ्लाइटची मूळ मर्यादा ढिली असते. 'प्रेफरन्सेस'मध्ये जाऊन ज्या प्रकारची पीडीएफ काढणार त्याच प्रोफाइलमध्ये किमान डीपीआय आर्टपेपरला २२५, मॅपलिथोला २०० असं स्वतः भरा. मग हरवलेला फोटो, कमी डीपीआय, पारदर्शकता, या सगळ्यांची पानवार यादी मिळते आणि ओळीवर क्लिक केलं की थेट त्या चौकटीवर नेतं. पारदर्शकतेची तक्रार आली तर दोन वाटा: प्लेटवाल्याकडे पीडीएफ एक्स-४ (पारदर्शकता चालणारा छपाईचा प्रकार) चालत असेल तर ती द्या, नाहीतर पारदर्शक पीएनजी आणि सावल्या जिंपमध्येच पार्श्वभूमीवर सपाट करून घ्या. जुनी यंत्रणा असेल तिथं पारदर्शकता न चालणारी एक्स-१ए मागतात. एक्स प्रकाराच्या पीडीएफला 'इन्फो स्ट्रिंग'चा रकाना रिकामा चालत नाही. सेव्हचं बटण का दबत नाही म्हणून डोकं खाजवण्यापेक्षा तिथं कामाचं नाव लिहून टाका. कॉम्प्रेशन 'लॉसलेस झिप', कमाल रिझोल्यूशन ३००. सिंगल कलर अहवाल असेल तर 'ग्रेस्केल' निवडण्याआधी फोटोंचे मधले टोन थोडे उजळून घ्या, मॅपलिथो शाई पिते आणि चेहरे काळवंडतात.

उणिवा आहेतच. पूर्ण दर्जाचा प्रिव्ह्यू ठेवला तर शंभर फोटोंच्या कामात जुना पीसी रडतो. राइट क्लिक करून प्रिव्ह्यू 'लो' वर आणला की छपाईला काही बाधा न येता वेग येतो. ताळेबंदाची कोष्टकं इथं करायला जाऊ नका, ती वेगळ्या पीडीएफमध्ये करून फर्मा लावताना जोडा. फर्मा लावायची सोय स्क्रायबसमध्ये नाही, ते काम प्लेटवाल्याकडंच राहतं. श्रीलिपीतला (युनिकोड नसलेल्या जुन्या फाँटमधला) जुना मजकूर युनिकोडमध्ये बदलल्याशिवाय उपयोगाचा नाही. आणि १.६ मध्ये सेव्ह केलेली फाइल १.४ मध्ये उघडत नाही, तेव्हा दुकानातल्या सगळ्या मशीनवर एकच आवृत्ती ठेवा.

एका पानाची लग्नपत्रिका, व्हिजिटिंग कार्ड, बेदाण्याच्या बॉक्सचं लेबल यांसाठी कोरल सोडायचं कारण नाही. वीस पानांच्या वर आणि तीस फोटोंच्या वर गेलेला अहवाल, स्मरणिका किंवा दिवाळी अंक असेल तर स्क्रायबसवर घ्या. पहिलं काम मात्र सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात सुरू करू नका.